बाळाबाईचा डोहाळा

१

माझं नाव मालुबाई. नवरा गेल्यापासून पिरनवाडीला भावाच्या घरात राहते, आणि बेळगावात एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया हाय. माझ्या तोंडाला लागू नये म्हणतात लोक. खरंच हाय ते. भूतखेत, करणी, नजर असलं कोण माझ्यापुढं बोलाय लागलं की मी त्याच्या हातात झाडू देते आणि म्हणते, बोलता बोलता तेवढा कोपरा झाड. माणूस जन्मताना बघितलाय, मरताना बघितलाय. मधी कुठं काय दिसलं न्हाय मला. एवढं आधी सांगून ठेवते, न्हायतर पुढचं ऐकून म्हणशीला, बाई भरमिष्ट झाली.

भाऊ भावकू, माझ्या पाठचा. भाजीच्या एका व्यापाऱ्याचा मॅटॅडोर चालवतो. बेळगावातला कोबी, मिरची, रताळी भरून आंबोलीचा घाट उतरायचा, किनाऱ्यावरच्या गावांत माल टाकायचा आणि येताना मासळी आणायची, हे त्याचं काम. त्याची बायको बाळाबाई. गरीब गाय. मी दहा शब्द बोलले तर ती एक बोलणार, तोही हसून. तिची तीन पोरं गेली. एक हाताला लागलं तवा निळं होतं, दोन तर त्याआधीच. तिन्ही वेळेला भावकूनं मळ्याच्या बांधाला स्वतः खड्डा काढला. तिन्ही वेळेला मी तिला न्हाऊ घातलं.

चौथ्या खेपेला पाचवा महिना लागला, पोर पोटात हलाय लागलं. मी रोज कामावरनं आले की हात पण न धुता म्हणायची, "बघू गं." ती पातळ बाजूला करायची आणि आम्ही दोघी गप्प बसून वाट बघायचो. एक टिचकी बसली की भावकू चुलीपासनं विचारायचा, "मारली काय गं लाथ?" आमच्या घरात त्या दिवसांत दुसरी गोष्टच नव्हती. ते पोर जगलं पायजे, बास.

आणि मग बाईला डोहाळा लागला. दुसऱ्या बायका चिंचा मागतात, कच्चे पेरू मागतात, भिंतीची माती खातात. हिला म्हणे समुद्राकाठी बसून ताजी मासळी खायाची होती. जन्मात समुद्र बघितला नव्हता तिनं.

"अगं बये, विमान पण माग की," मी म्हटलं.

पण डोहाळा मोडायचा न्हाय, पोराच्या तोंडातनं लाळ गळते म्हणतात. लाळेवर माझा विश्वास न्हाय, पण तिचं तोंड बघवत नव्हतं. भावकूनं मालकाला विचारलं, दिवाळी झाल्यावरच्या रविवारी गाडी मिळाली.

२

पहाटे निघालो. पुढं तिघं, बाळाबाई मधी, तिच्या खाली मी गादी दुमडून घातलेली. शिनोळी गेलं, चंदगडाचा फाटा गेला. आंबोलीत चहा घेतला, भाकरी आणि ठेचा खाल्ला. माकडानं भावकूच्या हातातली भाकरी पळवली तशी बाळाबाई इतकी हसली की मला भीती वाटली. घाट भावकूनं असा उतरवला, जशी मागं अंडी भरल्यात. मी तिच्या पोटाला हात लावून होते. पोर मस्त हलत होतं.

त्या गावाचं नाव मी घेत न्हाय. घेऊन काय उपयोग? होड्या वाळूवर ओढलेल्या, जाळी वाळत घातलेली, बांगड्यांच्या राशी, मांजरं. कुठल्याही मासेमारीच्या गावात असतंय ते सगळं. ओहोटी होती. पाणी लांब मागं गेलतं, इतकं की लाटेचा आवाजसुद्धा येत नव्हता. बाळाबाई ओल्या वाळूत चालत गेली, घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि लहान पोरीगत वळून ओरडली, "आक्का, ह्याला पलीकडची कड न्हायच की गं!"

"मग काय आमची विहीर हाय व्हय ती," मी म्हटलं. डोळ्यात पाणी आलं माझ्या, खोटं का बोलू.

दुपारी जेवायला भावकूच्या ओळखीची खानावळ होती, ती नेमकी बंद. आम्ही माडांच्या गल्लीतनं फिरत होतो, तवा एका घराच्या कुंपणापाशी म्हातारी उभी दिसली. पांढरं पातळ, कान मोकळे. तिनं आधी बाळाबाईच्या पोटाकडं बघितलं, मग आमच्याकडं.

"खंयसून इलात? उन्हात कित्याक फिरवतास तिका? येवा, जेवन जावा."

भावकू म्हणला, पैसे देऊ. म्हातारी हसली नुसती.

३

घर बरं होतं. कौलारू, ऐसपैस, दारात तुळस. आत पाऊल टाकलं आणि माझा पाय ओला झाला.

शेणानं सारवलेली जमीन, कोपऱ्यापासनं कोपऱ्यापर्यंत ओली. चिखल न्हाय, घाण न्हाय. आत्ता आत्ता पाणी येऊन गेल्यागत ओली. मी छपराकडं बघितलं. छप्पर कोरडं. आताच सारवलं असंल म्हटलं आणि पाटावर बसले. आयाच्या कामात ओल्या फरशीचं कौतुक करत बसत न्हाय माणूस.

म्हातारीनं वाढलं. सुरमईचं कालवण, तळलेले बांगडे, उकड्या तांदळाचा भात. बाळाबाईनं पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटले. मी खाल्ला, तर कशातच मीठ न्हाय. समुद्राच्या काठावर, मिठागरं पलीकडं दिसत्यात, आणि ताटात मिठाचा कण न्हाय. मी मागितलं. म्हातारी म्हणली, घरात ठेवत न्हाय आम्ही. भावकूनं मला कोपर मारलं, गप खा म्हणून.

तेवढ्यात आतल्या खोलीतनं आवाज आला.

तो आवाज मला कुणी शिकवायला नको. रोज ऐकते. बाई ओठ दाबून कळ सोसते, तवा नाकातनं जो आवाज निघतो तो. हळू सुरू झाला, चढला, वर जाऊन थांबला, उतरला. मग शांत. मग परत.

"आजी, आत कोण हाय?"

"सून. ती पण पोटुशी आसा."

"तिला कळा येत्यात. सुईण बोलावली काय? दिवस भरलेत?"

म्हातारी भात वाढत होती. तिनं मान वर केली न्हाय. "कळा येतत. कधीच्यो येतत."

"कधीपासनं?"

"तू जेव गे."

मी उठलेच. म्हटलं, मी बाळंतिणींच्या वॉर्डातली हाय, नुसती बघते तरी. म्हातारीनं माझं मनगट धरलं. मोठा जोर न्हाय लावला, पण हात गार होता आणि मला काय कळायच्या आत मी परत पाटावर बसलेली होते. भावकू चिडला, "आक्का, लोकांच्या घरात आलोय आपण." मी कान तिकडं लावून राहिले. तवा कळलं की ती कळ येतीय आणि जातीय एका ठेक्यात. बाहेर ओहोटी, समुद्र मुका. आणि आतली बाई लाट आल्यागत कण्हत होती, लाट गेल्यागत गप्प होत होती.

बाळाबाई कळवळली. "बिचारी," म्हणली. तिनं असं म्हणू नये असं मला वाटलं, का ते सांगता यायचं न्हाय.

४

जेवण झाल्यावर मी परसात हात धुवायला गेले. भावकू गाडी फिरवून आणायला गेला. विहिरीचा रहाट जड होता, वेळ लागला मला.

परत आले तर म्हातारीनं बाळाबाईची ओटी भरलेली. तांदूळ, नारळ, सुपारी, हिरवा खण. चांगलंच केलं. ओटीला नको म्हणत न्हाय कोण, त्यात गरोदर बाई. पण आमच्यात एक रीत हाय. ज्या घरात ओटी भरली, त्या घरातनं सगळं घेऊन बाहेर पडायचं न्हाय. ओटीतलं मूठभर त्याच घरात परत ठेवायचं, देवापुढं. देणाऱ्याचं घर रिकामं होऊ नये म्हणून. आमच्याकडच्या पोरींना कुणी सांगावं लागत न्हाय, हात आपसूक ओटीत जातो. बाळाबाईनं मूठ भरली आणि देव कुठं हायत म्हणून विचारलं.

म्हातारीचं तोंड असं उजळलं, मी दारातनं बघितलं. "काय रीत गे तुमची. देवाकडे ठेव नको. माझ्या सुनेच्या पदरात घाल."

आणि बाळाबाई गेली आत. मी "बाळे, थांब" म्हणेपर्यंत ती उंबरा ओलांडून गेली. मी धावले. खोलीत उजेड नव्हता. भिंतीला टेकून कोणतरी बसलेलं, पदर दोन्ही हातांनी पुढं धरलेला, आणि त्या पदरातनं पाणी गळत होतं. थेंब थेंब न्हाय, धार. तोंड दिसलं न्हाय मला. पोट दिसलं. बाईचं पोट मी हजारांनी बघितलंय, एवढं पोट न्हाय. बाळाबाईनं वाकून मूठ त्या पदरात सोडली.

तांदूळ पडल्याचा आवाज आला न्हाय.

कण्हणं थांबलं. चढता चढता मधीच थांबलं. माझ्या वॉर्डात असं थांबतं, तवा पुढं पोराचं रडणं येतं, न्हायतर आईचं. इथं काहीच आलं न्हाय. म्हातारीनं भिंतीला पाठ टेकली आणि लांब श्वास सोडला, दिवसभर भात काढून घरी आलेल्या बाईगत.

मी बाळाबाईला दंडाला धरून बाहेर ओढली. "किती गार हात गं तिचा," एवढंच ती म्हणली.

५

घाटात मी तिच्या पोटाला हात लावला. पोर हलत नव्हतं. झोपलं असंल म्हटलं, गाडीच्या धक्क्यानं झोपतात. आंबोली आली तवा हललं. मी देवाचं नाव घेतलं, आणि मग हात काढून घेतला.

लाथ नव्हती ती. काहीतरी डावीकडनं उजवीकडं गेलं, सावकाश, पोटभर. थांबलं. मग उजवीकडनं डावीकडं आलं. घागर नेताना आत पाणी हलतं तसं.

"बघ, हलतंय," बाळाबाई म्हणली.

पुढचं झटकन सांगते. शिमगा झाला, पाडवा झाला, दिवस भरले आणि उलटून गेले. बेंदराला बैलांच्या शिंगांना रंग लागले तरी बाई तशीच. पोट तेवढंच, ना वाढलं ना उतरलं. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी नळी लावून ऐकलं, नळी पुसली, परत ऐकलं. माझ्याकडं बघून म्हणल्या, मालुबाई, तुम्ही ऐका. मी ऐकलं. ठोका नव्हता. येत होतं आणि जात होतं, येत होतं आणि जात होतं. त्या म्हणल्या, पाणी झालंय, ऑपरेशन करून काढू. बाळाबाई तोवर कधी मोठ्यानं बोलली नव्हती. त्या दिवशी अख्ख्या वॉर्डानं ऐकलं, "माझं पोर कापून काढू देणार न्हाय मी!" घरी आली ती परत दवाखान्याची पायरी चढली न्हाय. रोज दुपारी उन्हाला बसून टोपडी शिवायची.

मी मनाला सांगितलं, असले आजार असतात, पुस्तकात असतील. आणि रात्री कूस बदलली की तो ओला पदर डोळ्यापुढं यायचा.

६

भावकू मात्र बदलला. आधी दोन महिने तोंड पाडून होता. मग एकदा खेप करून आला तो शीळ घालत आला. मग दर खेपेला. त्या गावाचा माल नसला तरी गाडी तिकडंच. एक मुक्काम करायचा ते दोन व्हायला लागले. नवा सदरा शिवला. बायकोच्या पोटाला हात लावायचं सोडून दिलं.

मला काय कळत न्हाय? घरात असली बायको, बाहेर गाडीचा धंदा. गडी बिथरतो. मी त्याला चुलीपुढं गाठला आणि विचारलं, "कोण हाय ती?"

"कोण?"

"जिच्यासाठी तेल लावून भांग पाडतोस ती!"

तो हसला, आणि ते हसू बघून माझा राग उलट निवला. लबाडी नव्हती त्यात. सुखी होता माझा भाऊ. मी म्हटलं, पुढच्या खेपेला मी येणार. तो नको नको म्हणला, मग म्हणला, "चल आक्का. तू तरी बघ."

७

तेच कुंपण, तीच तुळस. आतली जमीन खडखडीत कोरडी. एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, सडपातळ, पोट सपाट. साधं तोंड होतं हो तिचं. बाजारात चार बायकांत मिसळली असती. त्याचीच भीती वाटली मला जास्त. तिच्या काखेत पोर होतं, बसायला लागलेलं, दोन दात आलेलं.

म्हातारी त्याला म्हणली, "मष्णू, बघ रे, आत्या इली तुझी."

मष्णू आमच्या आप्पाचं नाव. आज्याचं नाव नातवाला ठेवायचं ही आमच्यातली चाल. त्या किनाऱ्यावर मष्णू नावाचं माणूस औषधाला मिळायचं न्हाय. मी भावकूकडं बघितलं. तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. आणि पोरानं माझ्याकडं मान वळवली, तर कपाळ आप्पाचं, भुवया आप्पाच्या, डावी जरा वर चढलेली तीसुद्धा.

मी भावकूला परसात ओढला आणि थोबाडीत दिली. ह्या वयात. त्यानं घेतली.

"तीन पुरली मी आक्का, ह्या हातांनी," तो म्हणला. "हे हसतंय. माझं बोट धरतंय."

"आणि तिकडं ती बसलीय टोपडी शिवत!"

"तिला आस तरी हाय. मी सांगितलं तर ती पण न्हाय राहायची."

"ते पोर तिचं हाय."

"मग उचल," तो म्हणला. "मी पण उचललं होतं एकदा."

मी आत गेले आणि पोराला त्या बाईच्या काखेतनं काढून घेतलं. ती भांडली न्हाय. म्हातारी म्हणली, "होयो तर व्हर." पायजे तर घेऊन जा. मी पदरात गुंडाळलं आणि गाडीकडं निघाले. उबदार होतं, भाताचा वास येत होता. माझ्या मानेत तोंड खुपसलं त्यानं. मनात म्हटलं, मालू, आता मागं वळू नको, घाट चढ, बाळीच्या मांडीवर टाक, मग काय व्हायचं ते होऊ दे.

माडांची गल्ली संपायच्या आत माझा पदर ओला झाला. पोरच हाय, भिजवणारच. पण ओल गार होती आणि पोटापर्यंत उतरली, मग पायापर्यंत. मानेवरचा श्वास थांबला. हातातलं वजन कमी झालं, आणखी कमी झालं. खाली बघायचं धाडस झालं न्हाय मला. हाताला बोटं लागत नव्हती, पाय लागत नव्हते, नुसतं कापड लागत होतं. सडकेवर भावकूची गाडी दिसत होती, पन्नास पावलं राहिली असतील. मी उलटी फिरले आणि म्हाताऱ्या पायांनी धावले, धाय मोकलून रडत धावले, आणि तो गळका पदर त्या बाईपुढं धरला. तिनं त्यात हात घातले. दोन दातांचं पोर खदखदून हसत तिच्या खांद्यावर चढलं.

म्हातारीनं मला पुसायला पंचा दिला. "भियाव नको," म्हणली. "तुमचाच घर आसा. येत ऱ्हवा."



८

संध्याकाळी घरी पोचलो. बाळाबाई दारात उभी होती, पोट दोन्ही हातांनी तोलून धरलेलं. भावकू तिला वळसा घालून मोरीकडं गेला. तिनं मला आत नेलं, दार लोटलं.

"आक्का, खरं सांग. बाई ठेवलीय न्हवं त्यांनी तिकडं?"

मी तिच्याकडं बघितलं. वर्षभरात केस पिकले होते पोरीचे.

"न्हाय गं," मी म्हटलं. "कोण बाई न्हाय."

"शपथ?"

"तुझी शपथ."

तिचा चेहरा असा मोकळा झाला की मला बघवेना. हसली, रडली, माझा हात धरून पोटावर ठेवला. आत ते आलं, गेलं. आलं, गेलं.

"हलतंय न्हवं?"

"व्हय गं. हलतंय."

"पोरगा झाला तर आप्पांचं नाव ठेवूया," ती म्हणली. "मष्णू. ह्यांना अजून बोलले न्हाय मी. तुला आवडलं काय?"

बाहेर मोरीवर भावकू शीळ घालत तोंड धूत होता.

"ठेवूया की," मी म्हटलं, आणि चूल पेटवायला उठले.